अंगावरचें पित्त आणि गळ्यांतील ग्रंथि

अंगावर पित्त उठणें ही गोष्ट आपल्या घरांत कोणाला नवी नाहीं. तांबड्या गांधी उठाव्यात, विलक्षण खाज सुटावी, वडील मंडळींनीं आमसुलाचें पाणी अंगाला चोळावें आणि थोड्या वेळानें सर्व मावळून जावें, एवढाच बहुतेकांचा अनुभव. परंतु कांहीं माणसांचें पित्त सहा आठवडे उलटले तरी पिच्छा सोडीत नाहीं. महिनेच्या महिने, कधीं वर्षानुवर्षें, तें जवळजवळ रोज उठतें. आज बोलावयाचें आहे तें या चिवट दुखण्याविषयीं.

कारण शोधतांना पहिला संशय जातो तो ताटावर. आज वांगें बंद, उद्यां मासळी, परवां दूध. शेवटीं रोगी नुसत्या वरणभातावर येतो, तरी गांधी उठतातच. आणि ‘कांहीं तरी खाल्लें असेल’ हा बोल वर ऐकावा लागतो. वस्तुतः या दीर्घकालीन प्रकारांत दोष क्वचितच एखाद्या पदार्थाचा असतो. अन्नाची गांध बहुधा जेवणानंतर लौकरच उठते, आणि तो पदार्थ टाळला कीं थांबते.

मग हें होतें कसें? आपल्या त्वचेंत ‘मास्ट’ नांवाच्या पेशी असतात. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञानें १८७८ सालीं त्यांचें वर्णन केलें. त्यांच्यांत हिस्टॅमिन नांवाचें द्रव्य सांठविलेलें असतें. पेशी चाळवल्या कीं तें बाहेर पडतें, सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरूं लागतात आणि गांध उठते. हाच पाझर खोल थरांत झाला म्हणजे ओठ किंवा पापण्या सुजतात. एकेक गांध बहुधा २४ तासांच्या आंत मावळते. सूज उतरावयास कधीं तीन दिवसही लागतात.

या पेशींना चाळवतें कोण? पुष्कळदां शरीराचेंच संरक्षक दल. पहारेकऱ्यानें अंधारांत घरधन्यालाच चोर समजावें, तसा हा प्रकार. असाच घोटाळा गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीच्या बाबतींतही होतो. जपानी शल्यवैद्य हाकारू हाशिमोटो यांनीं १९१२ सालीं तिच्या एका विकाराचें वर्णन केलें. तो शरीराच्या स्वतःवरील हल्ल्यामुळें होतो, हें १९५६ सालीं उमगलें. हीं दोन दुखणीं एकाच माणसांत वारंवार आढळतात, याकडे १९८३ सालीं कॅनडांतील डॉक्टरांनीं लक्ष वेधलें. दोन्हींचें प्रमाण स्त्रियांत अधिक. मात्र एक दुसऱ्यास जन्म देतें असें सिद्ध झालेलें नाहीं. एकाच मुळाच्या त्या दोन फांद्या असाव्यात.

म्हणून पित्ताबरोबर थकवा, थंडी न सोसणें, केस गळणें, वजन वाढणें असें कांहीं असेल, तर थायरॉइडसाठीं रक्ताची तपासणी अवश्य करून घ्यावी. ग्रंथि मंद असल्यास थायरॉक्सिनची गोळी पहांटे रिकाम्या पोटीं, चहापूर्वीं निदान अर्धा तास घ्यावी लागते. तिनें थकवा जाईल. पित्त जाईलच असें नाहीं. ग्रंथीचें काम ठीक असतां केवळ पित्तासाठीं ही गोळी आपल्या मनानें सुरू करूं नये.

पित्तावरील मुख्य औषध म्हणजे गुंगी न आणणारें हिस्टॅमिनविरोधी औषध. तें खाज सुटेल तेव्हांच नव्हे, तर रोज नेमानें घ्यावें. गुण न आल्यास डॉक्टर त्याची मात्रा चौपटीपर्यंत वाढवितात. त्यापुढें ओमालिझुमॅबची टोंचणी आहे. अॅस्पिरिनसारख्या वेदनाशामकांनीं कित्येकांचें पित्त भडकतें, हेंही ध्यानांत असावें. जीभ किंवा घसा सुजून श्वास अडूं लागला, आवाज बसला, तर घरगुती उपायांत क्षणही न दवडतां रुग्णालय गांठावें.

हें दुखणें सांसर्गिक नाहीं, आणि पुष्कळांचें तें कालांतरानें आपोआप शमतें. तोंवर रोग्याच्या रात्री खाजेनें जागण्यांत जातात. सकाळीं अंग स्वच्छ दिसतें, म्हणून घरच्यांना त्याचें दुखणें खोटें वाटतें. या संशयावर डॉक्टरांपाशीं औषध नाहीं; तें घरच्या माणसांनींच द्यावयाचें आहे.