फळ्यापासून पडद्यापर्यंत (भाग ९) : आधी विचार, मग शेजारी

पवईच्या आयआयटीने देशभरच्या प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी राबवलेल्या ‘टी-टेन-केटी’ उपक्रमाचा खरा आधार होता तो केंद्रावरचा समन्वयक. आयआयटीतले व्याख्यान ‘ए-व्ह्यू’ या थेट प्रक्षेपणाच्या प्रणालीवरून देशभरच्या केंद्रांत पोचवणे तुलनेने सोपे होते. सराव आणि प्रात्यक्षिके मात्र त्या-त्या केंद्रातच व्हायची आणि ती घेणारा समन्वयक आधी पवईला येऊन तयार झालेला असे. प्रा. दीपक फाटक यांच्या या रचनेत अडलेल्या प्राध्यापकाला शेजारच्याच सहकाऱ्याला विचारता येई. अनुभवी प्राध्यापकाला नव्या साधनाची भीती नसते; विद्यार्थ्यांसमोर अडखळण्याचा संकोच असतो, आणि तो व्याख्यानाने जात नाही.

वर्सोव्यात राहणाऱ्या आणि अंधेरीत वाणिज्य शिकवणाऱ्या एका वाचक प्राध्यापिकेचा प्रश्न इथेच येतो. शंभरावर मुलांची तुकडी, वर्गात वायफाय पोचत नाही, निम्म्या मुलांचा डेटा दुपारीच संपलेला. मग प्रशिक्षणाचा उपयोग काय?

उत्तर पवईतच सापडते. आयआयटीच्या पहिल्या वर्षाच्या प्रोग्रामिंगच्या मोठ्या वर्गात सहना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी ‘थिंक-पेअर-शेअर’ ही पद्धत वापरून निरीक्षणे नोंदवली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी ८३ टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले आढळले. पद्धतीला वीजही लागत नाही. प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर लिहायचे, मग शेजाऱ्याशी ताडून पाहायचे, शेवटी वर्गात मांडायचे. एकट्याने लिहिण्याची पायरी गाळण्याचा मोह फार होतो आणि तिथेच पद्धत फसते. हुशार मूल बोलते, शेजारचे मान डोलावते.

सगळी मदार प्रश्नावर असते. घसाऱ्याचेच घ्या. यंत्राची किंमत १ लाख रुपये, दर सरळ रेषेच्या आणि घटत्या शिलकीच्या दोन्ही पद्धतींत १० टक्के. तिसऱ्या वर्षाचा घसारा कोणत्या पद्धतीत जास्त? घटत्या शिलकीच्या पद्धतीत सुरुवातीला घसारा जास्त पडतो, एवढेच पाठ केलेली मुले त्या बाजूने हात वर करतात. प्रत्यक्षात तिथे ८,१०० रुपये येतात आणि सरळ रेषेत १०,०००. पुस्तकातले वाक्य खरे ठरायला दर वेगळे असावे लागतात, हे मुलांना आपसांत वाद घालतानाच उमगते. असा एक प्रश्न तयार करणे वीस स्लाइड बनवण्यापेक्षा कठीण आहे आणि कितीतरी मोलाचे.

तंत्रज्ञानाची गरज यानंतर पडते. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक मॅझर यांनी १९९०च्या दशकात रुजवलेल्या ‘पीअर इन्स्ट्रक्शन’ पद्धतीत आधी एकट्याने दिलेली बरोबर उत्तरे साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असली तरच मुलांना आपसांत चर्चा करू द्यायची असते. त्याहून कमी असतील तर विषय पुन्हा समजवायचा, जास्त असतील तर पुढे जायचे. हात मोजून हा अंदाज येतो, पण हात वर करताना मुले एकमेकांकडे पाहतात. मत गुप्त हवे आणि मोजणी झटपट हवी, ही निकड शिक्षकाला स्वतःला जाणवली की साधन तो आपणहून शोधतो. आधी स्मार्टबोर्ड बसवून मग त्याचा उपयोग हुडकणाऱ्या महाविद्यालयांत हा क्रम उलटा होतो आणि बोर्डावर धूळ बसते.

ही निकड नियमांनी निर्माण होत नाही. पदोन्नतीच्या अटींनी प्राध्यापक उजळणी वर्गांना येतात. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत ई-सामग्री तयार करण्यालाही गुण आहेत. ही उत्तेजने रास्तच आहेत. पण प्रमाणपत्र हजेरीचे मिळते. वर्गात काय बदलले हे त्यावरून कळत नाही.

गुप्त मत आणि झटपट मोजणी यांची निकड जाणवली, की डेटा नसलेल्या वर्गासाठी ‘प्लिकर्स’ हे ॲप सोयीचे आहे. प्रत्येक मुलाला वेगळी खूण छापलेले कार्ड द्यायचे. ते ज्या बाजूने वर धरले ते त्याचे उत्तर. खुणेजवळची अक्षरे बारीक असल्याने शेजाऱ्याला ती सहज वाचता येत नाहीत. इंटरनेट लागते ते फक्त शिक्षकाच्या फोनला. त्याचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की उत्तरे नोंदली जातात. कार्डांचे संच मर्यादित असतात, म्हणून मोठ्या तुकडीत दोघांत एक कार्ड द्यावे आणि ते जोडीच्या चर्चेनंतरच वर करू द्यावे. त्याआधी एकट्याने लिहिलेले उत्तर वहीत राहते.