शेरीच्या पिंपातला गोडवा

स्कॉटलंडच्या डिस्टिलरीत भट्टीतून नुकतेच उतरलेले मद्य पाण्यासारखे रंगहीन असते. तेव्हा त्याला व्हिस्की म्हणताही येत नाही. ओकच्या लाकडी पिंपात, स्कॉटलंडमध्येच, किमान ३ वर्षे मुरल्यावर कायदा त्याला स्कॉच म्हणू देतो. मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून, एकाच डिस्टिलरीत, तांब्याच्या पात्रांतून काढलेले असेल तर ते सिंगल माल्ट. यातली जी बाटली ‘शेरी कास्क फिनिश’ असे नाव मिरवते, तिच्याबद्दल बोलताना मनुके, खजूर, अंजीर, संत्र्याची साल, लवंग हे शब्द हमखास येतात. आणखी एक शब्द ठरलेला असतो: गोड. गंमत अशी, की त्या ग्लासात साखर जवळपास नसते.

शेरी ही दक्षिण स्पेनमधल्या हेरेस परिसरातली, वरून मद्यार्क घालून तीव्र केलेली वाइन. पूर्वी ती पिंपांतूनच ब्रिटनला जायची आणि रिकामी झालेली पिंपे व्हिस्कीवाले स्वस्तात उचलायचे. १९८०च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद होऊ लागली आणि हा पुरवठा आटला. आता बहुतेक ‘शेरी पिंपे’ व्हिस्कीसाठीच घडवली जातात. नव्या पिंपात साधारण दीड-दोन वर्षे शेरी भरून ठेवायची, मग ती काढून पिंप स्कॉटलंडला पाठवायचे. हिंगाची रिकामी डबी वास सोडत नाही, तसेच हे लाकूडही.

‘फिनिश’चा अर्थ शेवटचा मुक्काम. अमेरिकेत बर्बन व्हिस्कीला दर वेळी नवे, आतून जाळलेले ओकचे पिंप लागते. वापरलेली पिंपे मग स्कॉटलंडला जातात. स्कॉचची पहिली बरीच वर्षे त्यांत जातात आणि अखेरचे काही महिने किंवा एखाद-दोन वर्षे शेरीच्या पिंपात. बॅल्व्हेनी डिस्टिलरीच्या डेव्हिड स्टुअर्ट यांनी १९८०च्या दशकात हा प्रयोग मार्गी लावला. १९९३मध्ये आलेली त्यांची १२ वर्षांची ‘डबलवूड’ याच पद्धतीची.

या मुक्कामात लाकूड बरेच काही देते. ओकमधल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन तयार होते, म्हणजे व्हॅनिलाचा वास. अमेरिकन ओकमधली लॅक्टोन संयुगे खोबऱ्याची आठवण करून देतात. युरोपीय ओकमध्ये टॅनिन जास्त, म्हणून जिभेला तुरटपणा जाणवतो. लवंगेचा वास तर लवंगेतल्याच युजेनॉलचा. लाकडात मुरलेल्या शेरीचा सुकामेव्याचा गंध त्यात मिसळतो. कधी कधी जळक्या काडीचा किंवा रबराचा वासही येतो. पिंपे टिकावीत म्हणून त्यांत जाळलेल्या गंधकाकडे त्याचा दोष जातो. तो काहींना असह्य होतो, तर काहींना जाणवतही नाही.

आता गोडव्याकडे. व्हॅनिला आणि मनुके लहानपणापासून गोड पदार्थांतच भेटलेले असतात. त्यामुळे नुसता वास आला तरी मेंदू गोडाची नोंद करतो. घोट घेताना नाक चिमटीत धरले, की मनुके-खजूर गायब होतात. उरतो कडवटपणा आणि जळजळ. ही जळजळही ओळखीचीच आहे. मिरचीचा झणका ज्या ग्राहींमुळे जाणवतो, त्यांनाच मद्यार्क चेतवतो.

रंग तर आणखी फसवा. पांढऱ्या वाइनमध्ये वासहीन लाल रंग मिसळून बोर्दोमध्ये वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा त्यांनी लाल वाइनसाठीचे शब्द वापरून तिचे वर्णन केले. हा प्रयोग २००१मध्ये प्रसिद्ध झाला. स्कॉचमध्ये साधा कॅरॅमल रंग घालायला कायद्याची मुभा आहे. म्हणजे गडद बाटली शेरीच्या पिंपात जास्त मुरलेली असेलच असे नाही.

गोड लागते म्हणून ही व्हिस्की सौम्य, हा समज मात्र महागात पडू शकतो. ४० टक्के मद्यार्काच्या ३० मिलिलिटर पेगमध्ये सुमारे साडेनऊ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. पिंपातून पाणी न घालता भरलेली बाटली ५८ टक्क्यांची असेल, तर तेवढ्याच पेगमध्ये जवळपास १४ ग्रॅम. शरीरात त्याचे ॲसिटाल्डिहाइड होते, आणि ते पेशींतल्या डीएनएला इजा करते. मद्य हे कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात आहे. मद्याची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये स्पष्ट केले. ओकमधून व्हिस्कीत एलॅजिक आम्ल उतरते, ते अँटिऑक्सिडंट आहे, हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो. ते डाळिंबातही भरपूर असते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांचा धोका वेगळाच. गोड वासाच्या या पेयाने त्यांची रक्तशर्करा वाढण्याऐवजी काही तासांनी, कधी रात्री झोपेत, धोकादायक इतकी खाली जाऊ शकते; रिकाम्या पोटी तर अधिकच.

व्हिस्कीची मिश्रणे ठरवणारे तज्ज्ञ एका दिवसात कितीतरी नमुने तपासतात, पण पितात क्वचितच. त्यांचे हत्यार नाक. वरच्या बाजूला निमुळता होणारा छोटा ग्लास घेऊन ते मद्यात पाणी घालतात, मद्यार्क सुमारे २० टक्क्यांवर आणतात आणि मग हुंगतात. पाण्यामागचे शास्त्र स्वीडनच्या लिनिअस विद्यापीठातील दोघा संशोधकांनी २०१७मध्ये संगणकीय प्रारूपातून दाखवले. मद्यार्क ४५ टक्क्यांच्या खाली असेल तर ग्वायकॉल हा धुराचा वास देणारा रेणू पृष्ठभागाजवळ गोळा होतो, खूपच तीव्र मद्यात तो आत दडतो. घोट घ्यावाच लागला, तर तोंडात फिरवून बहुतेक जण तो थुंकून टाकतात.