अस्थिपुटी

हाडाच्या अंतर्भागात निर्माण होणाऱ्या, द्रवाने वा रक्ताने भरलेल्या पोकळीस ‘अस्थिपुटी’ म्हणतात. ती मारक अर्बुदाप्रमाणे शरीरात अन्यत्र पसरत नाही. परंतु हाडाची भिंत आतून पातळ करीत जाते व मूल किरकोळ पडले तरी हाड मोडते. पुष्कळदा अशा अस्थिभंगानंतर काढलेल्या क्ष-किरण चित्रातच ती प्रथम आढळते. तिचे दोन मुख्य प्रकार असून त्यांची चिकित्सा भिन्न आहे.

साधी अस्थिपुटी : हिचे वर्णन रूडोल्फ फिरखो यांनी १८७६ मध्ये केले. ती बहुधा वीस वर्षांखालील व्यक्तींत, मुलींपेक्षा मुलांत अधिक, दंडाच्या किंवा मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाजवळ होते. आत पिवळसर पातळ द्रव असतो. नीलांतील रक्तप्रवाहास अडथळा झाल्याने ती उद्‌भवते, असे एक मत आहे. अस्थिभंगामुळे ती आपोआप भरून येईल ही आशा थोड्याच रुग्णांत सफल होते. मात्र शारीरिक वाढ पूर्ण झाल्यावर ती सहसा मागे हटते. म्हणून दंडातील लहान पुटीवर नुसती देखरेख पुरते, तर सर्व भार पेलणाऱ्या मांडीच्या हाडातील पुटीच्या बाबतीत वाट पाहणे धोक्याचे ठरते.

पूर्वी पुटी खरवडून पोकळीत अस्थिकलम भरणे हाच रूढ उपाय होता; पण ती पुन्हा उद्‌भवण्याचे प्रमाण बरेच असे. इटलीतील स्काग्लिएत्ती यांनी १९७० नंतरच्या दशकात द्रव शोषून पोकळीत मिथिलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडाचे अंतःक्षेपण करण्याची पद्धत रूढ केली. नंतर रुग्णाच्याच अस्थिमज्जेचे अंतःक्षेपण पुढे आले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत स्टेरॉइडाने ४२ टक्के, तर मज्जेने २३ टक्के पुटी भरल्या. नवीन उपाय जुन्यापेक्षा सरस असतोच असे नाही, हे यावरून दिसते. हाडाच्या पोकळीत लवचिक धातुशलाका बसविल्यास द्रवाचा निचरा होतो व हाडास आधारही मिळतो.

रोहिणीविस्फारसदृश अस्थिपुटी : जॅफी व लिख्टेनस्टाइन यांनी १९४२ मध्ये हिला स्वतंत्र स्थान दिले. ती रक्ताने भरलेल्या अनेक कप्प्यांची, वेगाने वाढणारी व हाड फुगविणारी असते. २००४ मध्ये तिच्या कोशिकांत यूएसपी-६ या जनुकाची पुनर्रचना आढळल्यापासून ती खरे अर्बुदच मानली जाते. एक मारक अस्थि-अर्बुद हुबेहूब तिच्यासारखे दिसते. त्यामुळे जीवोतक परीक्षेवाचून चिकित्सेस हात घालणे ही घोडचूक होय.

शस्त्रक्रियेत पुटी खरवडून वेगवान यांत्रिक छिद्रकाने भिंती घासतात व कलम भरतात. मणक्यातील किंवा कटीतील पुटीत रक्तस्राव टाळण्यासाठी आधी रक्तवाहिन्या बंद करतात. अपस्फीत नीलांवर वापरले जाणारे पॉलिडोकॅनॉल हे काठिण्यकारक द्रव्य सुईने पुटीत सोडण्याच्या पद्धतीवर भारतात महत्त्वाचे कार्य झाले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील तौलनिक चाचणीत (२०१०) तिचे यश शस्त्रक्रियेच्या जवळपास दिसले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनीही २०२० मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला. डेनोसुमॅब हे औषध अवघड जागी उपयोगी पडते. पण मुलांत ते थांबविल्यावर रक्तातील कॅल्शियम धोकादायक प्रमाणात वाढू शकते. प्रारण-चिकित्सेने पुढे मारक अर्बुद होण्याची भीती असल्याने ती शक्यतो टाळतात.

पॉलिडोकॅनॉलाची अंतःक्षेपणे काही आठवड्यांच्या अंतराने अनेकदा द्यावी लागतात, पण रुग्ण सामान्यतः त्याच दिवशी घरी जातो. लोणावळ्याहून पुणे लोहमार्गाने सु. ६४ किमी. व मुंबई सु. १२८ किमी. आहे. मावळातील एखाद्या कुटुंबास एका मोठ्या शस्त्रक्रियेऐवजी अशा खेपा परवडतील की नाहीत, हेही उपाय ठरविताना पाहावे लागते. खेपा अर्ध्यावर सुटल्या तर पुटी पुन्हा वाढू शकते. लहान मुलाचा हात क्षुल्लक कारणाने मोडला असल्यास तो चोळून बसवून घेण्यापूर्वी क्ष-किरण चित्र काढणे अगत्याचे आहे.