विलो

(हिं. बेद, लॅ. सॅलिक्स, कुल - सॅलिकेसी). सॅलिक्स ह्या वंशातील वृक्ष व झुडपे यांचे सामान्य नाव. ह्या वंशात सु. ४०० जाती असून त्यांचा प्रसार मुख्यतः उत्तर गोलार्धातील थंड व समशीतोष्ण प्रदेशांत, ओलसर जागी झालेला आहे. भारतातील बहुतेक जाती हिमालयात आढळतात, उष्ण प्रदेशांतील ओढ्यानाल्यांच्या काठी, सह्याद्रीतही, वाळुंज (सॅ. टेट्रास्पर्मा) ही जाती आढळते. पाने साधी, एकाआड एक, बहुधा अरुंद व लांबट असतात. झाडे विभक्तलिंगी असून पाकळ्या नसलेली लहान फुले नतकणिशांत येतात. बियांवर रेशमी केसांचा झुपका असतो. त्यांची अंकुरणक्षमता फार थोडे दिवस टिकते. त्यामुळे बागेतील लागवड छाट कलमांनीच करतात.

शोभेसाठी सर्वांत परिचित जाती म्हणजे लोंबत्या फांद्यांचा ‘वीपिंग विलो’ (सॅ. बॅबिलोनिका). हिचे मूलस्थान चीन होय. बायबलमधील १३७ व्या स्तोत्रात बॅबिलनच्या नद्यांकाठची झाडे उल्लेखिली आहेत, ती हीच असे समजून कार्ल लिनीअस यांनी हे नाव दिले. वस्तुतः ती झाडे पॉप्लरची असावीत, असे आता मानतात. यूरोपीय बागांत आज दिसणारी सोनेरी डहाळ्यांची लोंबती झाडे बहुधा हिच्या व पांढऱ्या विलोच्या (सॅ. आल्बा) संकरापासून झालेली आहेत. आपल्याकडील उद्यानांत लावला जाणारा लोंबत्या फांद्यांचा ‘बॉटलब्रश’ दुरून तसा दिसत असला, तरी तो जांभूळ कुलातील आहे.

लागवड : विलोच्या खोडात मुळांचे आद्यक आधीच तयार असतात, त्यामुळे कलमे फार सहज रुजतात. झाड पर्णहीन असताना, हिवाळ्यात, पेन्सिलीएवढ्या जाडीचे व २०–३० सेंमी. लांबीचे तुकडे घेऊन त्यांचा सु. दोन-तृतीयांश भाग ओल्या जमिनीत पुरतात. डोळे वरच्या दिशेस राहतील अशी दक्षता घ्यावी. क्रिकेटच्या बॅटसाठी वाढवावयाच्या पांढऱ्या विलोच्या प्रकाराचे मात्र सु. ३ मी. लांबीचे सरळ सोट लावतात व खोडावर फुटणारे कोंब वेळोवेळी खुडून टाकतात. तसे न केल्यास लाकडात गाठी पडून ते बॅटसाठी निरुपयोगी होते. दक्षिण काश्मीरमध्ये विलोच्या लाकडापासून बॅट बनविण्याचा मोठा व्यवसाय आहे.

झाडाला भरपूर ऊन व सतत ओल लागते. पहिली दोन-तीन वर्षे बुंध्याभोवतीचे गवत काढून पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे व कोरड्या दिवसांत पाणी तुटू देऊ नये. खतांची गरज बेताचीच असते.

जागेची निवड : बहुतेक चुका येथेच होतात. हातभर रोप पाहून ते अंगणात लावले जाते. काही वर्षांतच त्याचा वृक्ष होतो आणि तेव्हा त्याला हलविता येत नाही. मुळे पाण्याच्या शोधात दूरवर पसरतात. धडधाकट नळ ती सहसा फोडीत नाहीत. परंतु गळक्या सांध्यांतून आत शिरून गटार तुंबवितात. याहून गंभीर धोका चिकण जमिनीत असतो. मुळांनी ओल शोषल्यामुळे अशी जमीन आकसते, पाया खचतो व भिंतींना तडे जातात. इंग्लंडमध्ये १९७६ च्या अवर्षणानंतर अशा तक्रारी फार वाढल्या. तेथील नोंदींत विलोपासून ४० मी. अंतरावरील इमारतीलाही हानी पोहोचल्याचे उदाहरण आहे. महाराष्ट्रातील काळी जमीनही अशीच फुगणारी व आकसणारी असल्याने येथेही हे अंतर दुर्लक्षून चालणार नाही. लहान बागेत मोठी जाती न लावता झुडुपवजा जाती निवडणेच शहाणपणाचे.

छाटणी : रंगीत सालीच्या प्रकारांत कोवळ्या डहाळ्यांचा रंगच सर्वांत उठून दिसतो, म्हणून हिवाळ्याच्या अखेरीस दर एक-दोन वर्षांनी सर्व फांद्या बुंध्यालगत किंवा ठराविक उंचीवर छाटतात. टोपल्या विणण्यासाठी लागणाऱ्या लवचिक काड्याही अशाच मिळवितात. मोठ्या झाडांचे लाकूड ठिसूळ असल्याने वाळलेल्या व चिरलेल्या फांद्या वेळीच काढाव्यात.

रोग व कीड : मावा किडीमुळे चिकट स्राव गळून पानांवर काळी बुरशी वाढते. ओल्या वसंत ऋतूत करपा रोगाने लोंबत्या विलोची पाने ठिपकेदार होऊन गळतात व डहाळ्यांवर व्रण पडतात. गळलेली पाने गोळा करून जाळावीत. बॅटच्या विलोवर येणाऱ्या सूक्ष्मजंतुजन्य रोगाने लाकडावर डाग पडतात. रोगट झाड तोडून नष्ट करणे हाच त्यावर उपाय होय.

छाटलेल्या फांद्या ओढ्यात किंवा ओलसर जागी टाकू नयेत, कारण त्या तेथेही रुजतात. ऑस्ट्रेलियात बाहेरून आणलेल्या विलोच्या अनेक जाती नदीकाठी अशाच पसरून प्रवाहांना अडथळा आणू लागल्या. १९९९ मध्ये तेथे त्यांपैकी बहुतेकांची गणना राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांत करण्यात आली.