इंजिनाचे चार स्टड आणि चार दिवस

मागील अंकातील जमाखर्चात ‘मोटारसायकल, इंजिन काम’ अशी एक ओळ होती. ती वाचून एका भगिनींनी विचारले, की हाफ इंजिनचे काम तर एका दिवसात होते, मग आपल्या गाडीला चार दिवस आणि वर लेथचा खर्च कशाला? प्रश्न रास्त आहे. पैसा आपणा सर्वांचा आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

आमची १०० सीसीची गाडी अक्राणी तालुक्यातील पाड्यांवर औषधांची पेटी, वह्यापुस्तके आणि पुष्कळदा आजारी माणूसही नेते. सातपुड्यातील घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच चढावे लागतात. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला वेग कमी म्हणजे वाराही कमी, त्यामुळे ते फार तापते. रिंगा झिजून धूर येऊ लागला, म्हणून हेड उघडायला घेतले. तेव्हा एक नट नुसताच फिरू लागला, घट्टही होईना आणि निघेनाही. त्याच्याखालच्या स्टडचे आटे क्रँककेसमधून उपटून आले होते. शेजारचा स्टड ओलीने गंजून मधेच बारीक झाला होता.

स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेली पोलादी सळई. असे चार लांब स्टड खाली क्रँककेसमध्ये रोवलेले असतात. त्यांवरून सिलिंडर ब्लॉक आणि हेड ओवतात व वरून नट आवळतात. पेट्रोल पेटल्यावर होणारा सगळा दाब हे चारजण धरून ठेवतात. एक ढिला पडला की गॅस्केटमधून हवा फुटते, ऑइल गळते आणि हेड वाकडे होण्याची भीती असते.

आता गंमत अशी, की स्टड पोलादाचा आणि क्रँककेस ॲल्युमिनिअमची. ॲल्युमिनिअम मऊ, शिवाय तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. १५ सेंटिमीटर उंचीचा ॲल्युमिनिअमचा भाग १०० अंशांनी तापला तर सुमारे ०.३५ मिलिमीटर वाढतो, तेवढाच पोलादी स्टड ०.१८ मिलिमीटर. उरलेली ओढ स्टडवर आणि त्याच्या आट्यांवर येते. त्यात आधीच्या एका गॅरेजात पान्याला पाइप लावून नट आवळले होते. जोर लावला म्हणजे काम पक्के, हा समज आपल्याकडे फार आहे. आटे जातात ते बहुधा यामुळेच.

गंजलेला स्टड काढताना घाई केली तर तो आतच तुटतो. मिस्त्रींनी आधी क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबले, स्टडच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर ठेवले. सकाळी तेल पुसून भोवतालचे ॲल्युमिनिअम गरम हवेने तापवले. मग स्टडवर दोन नट एकमेकांना घट्ट भिडवून खालच्या नटाला पाना लावला. आधी किंचित मागे, किंचित पुढे, असे करीत तो सुटला. पहिला दिवस यातच गेला, आणि मला तो वाया गेलेला वाटत नाही.

आटे गेलेल्या भोकाचे काम लेथवाल्याचे. भोक सरळ रेषेत थोडे मोठे करायचे, टॅपने नवे आटे पाडायचे आणि त्यात स्टेनलेस स्टीलच्या तारेचे वेटोळे, म्हणजे हेलीकॉइल, बसवायचे. त्याच्या आतले आटे मूळ मापाचेच असतात, त्यामुळे मूळ मापाचा स्टड बसतो आणि पोलादी आटे झिजतही नाहीत. ड्रिल जराही तिरके गेले तर स्टड तिरका उभा राहतो व ब्लॉक त्यावर उतरत नाही. म्हणून क्रँककेस पूर्ण सोडवून मशिनवर बांधावी लागली. दोन दिवस त्याला लागले. नवी क्रँककेस घेतली असती तर खर्च कितीतरी पटींनी वाढला असता.

स्टड चारही नवे घातले, कारण उरलेले दोघेही तेवढेच ताणलेले होते. बाजारात मिळणारी आट्यांची साधी सळई कापून घालण्याचा सल्ला एकाने दिला होता. ती स्वस्त खरी, पण मऊ पोलादाची असते आणि ताण घेत नाही. भोकात तेल राहू दिले नाही. तळ बंद असलेल्या भोकात तेल दाबले गेले की ॲल्युमिनिअमला तडा जाऊ शकतो. प्रत्येक स्टडची वर निघालेली उंची मोजून पाहिली.

चौथ्या दिवशी नट आवळले, तेही समोरासमोरच्या जोडीने, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने, कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यापर्यंत. रेंच शहाद्याहून भाड्याने आणला होता. पावसाळ्यापूर्वी स्वतःचा एक घ्यावा असे मंडळाला सुचवले आहे. सुमारे ५०० किलोमीटर झाल्यावर, इंजिन पूर्ण थंड असताना, नट पुन्हा तपासायचे आहेत. आज मीटर ३१० दाखवतो.