परीक्षकांचे गुण आणि प्रेक्षकांच्या टाळ्या

शाळेचा बँड ठाऊक नाही असा वाचक विरळाच. पुढे छडी फिरविणारा म्होरक्या, मागे बिगूल, झांजा आणि ढोल, आणि त्या तालावर टाकली जाणारी पावले. याच बँडला एखाद्या नाटकमंडळीची महत्त्वाकांक्षा जडली तर त्याचे रूप काय होईल, हे पाहावयाचे असल्यास अमेरिकेतील 'ड्रम कोअर' या प्रकाराकडे वळले पाहिजे. फुटबॉलच्या मैदानावर दीडशेहून अधिक तरुण-तरुणी उतरतात. काहींच्या हाती पितळी वाद्ये, काहींच्या गळ्यात ढोल, तर काहींच्या हाती निशाणे असतात. बासरी-सनईच्या जातीचे एकही वाद्य येथे चालत नाही. दहा-बारा मिनिटांचा एकच प्रयोग हिवाळ्यापासून बसविला जातो आणि जूनपासून ऑगस्टपर्यंत गावोगाव सादर केला जातो. ही मुले बसगाड्यांतून हिंडतात, शाळांच्या व्यायामशाळांत जमिनीवर निजतात आणि बाविशी उलटली की पथकातून बाहेर पडतात. त्यांना वेतन नसते. उलट हजारो डॉलरांचे शुल्क त्यांनाच भरावे लागते.

या स्पर्धा प्रारंभी माजी सैनिकांच्या संघटना भरवीत. पुढे १९७१ मध्ये पथकांच्या चालकांनी एकत्र येऊन 'ड्रम कोअर इंटरनॅशनल' ही स्वतःची संस्था काढली आणि १९७२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. अलीकडे ती इंडियानापोलिसच्या छपराखालील भव्य क्रीडागारात होते. तेथे जमणारा प्रेक्षक साधासुधा नसतो. कित्येकांनी तरुणपणी स्वतः पथकात वाजविलेले असते, कित्येकांची मुले मैदानावर असतात. कोणत्या वर्षी कोणत्या पथकाने कोणती धून वाजविली हे त्यांना मुखोद्गत असते. असा प्रेक्षक सहजासहजी गप्प बसत नाही. प्रयोग कसा असावा याविषयी त्याची मते ठाम असतात, आणि गेली कित्येक वर्षे ती मते परीक्षकांच्या मतांशी वारंवार अडखळत आली आहेत.

हा तंटा समजण्यासाठी गुण देण्याच्या पद्धतीकडे पाहिले पाहिजे. १९८३ पर्यंत परीक्षक हातात फळी घेऊन मैदानात पथकाच्या रांगांतून हिंडत आणि चूक दिसली की तिची खूण करीत. पाऊल चुकले, ढोलाचा एक ठोका मागे पडला, रांग वाकली, की गुण वजा. १९८४ पासून ही वजाबाकी बंद झाली आणि गुण साधलेल्या गोष्टींबद्दल मिळू लागले. गणिताच्या उत्तरपत्रिकेतील चुका मोजणे आणि निबंधाला गुण देणे यांत जो फरक, तोच येथे पडला. गणितात वाद फारसा उद्भवत नाही. निबंध मात्र एका शिक्षकाला उत्कृष्ट वाटतो, दुसऱ्याला नुसता शब्दबंबाळ. चुका मोजल्या जात होत्या तोवर प्रेक्षक आणि परीक्षक यांची कामे निराळी होती. परीक्षकाने काटेकोरपणा पाहावा, प्रेक्षकाने आनंद घ्यावा. नव्या पद्धतीने परीक्षकही रसिकाच्या आसनावर येऊन बसला. एकाच आसनावर दोघे बसल्यावर कोपर लागावयाचेच.

या संघर्षाचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९९३ सालचे आहे. इंडियानातील 'स्टार ऑफ इंडियाना' या पथकाने त्या वर्षी सॅम्युएल बार्बर व बेला बार्टोक यांचे संगीत निवडले. बार्बरची 'मेडिया' ही रचना मूळची मार्था ग्रॅहम या नर्तिकेसाठी १९४६ साली झालेली. तिच्यात सुडाने पेटलेल्या स्त्रीची कथा आहे. बार्टोकचे संगीत तर ऐकणाऱ्याच्या कानाला मुळीच सवलत देत नाही. त्यात गुणगुणता येईल अशी चाल नाही, टाळ्यांसाठी राखलेली जागा नाही, शेवटी छाती फुगवून वाजविण्याचा जल्लोष नाही. पथकाचे हावभावही कवायतीपेक्षा आधुनिक नृत्याच्या जवळचे होते. प्रेक्षक चक्रावून गेले आणि काही ठिकाणी त्यांनी चक्क हुर्यो उडविली. अंतिम स्पर्धेत 'कॅडेट्स ऑफ बर्गन काउंटी' या पथकाने 'स्टार'ला अवघ्या एक दशांश गुणाने मागे टाकले. त्या मोसमानंतर 'स्टार'ने स्पर्धेलाच रामराम ठोकला. पुढे त्याच मंडळींनी 'ब्लास्ट' नावाचा रंगमंचीय कार्यक्रम उभारला. तो १९९९ मध्ये लंडनला आणि २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आला, व त्या वर्षी त्याला टोनी पारितोषिकही मिळाले. त्या कार्यक्रमातही 'मेडिया' होतीच! १९९३ चा तो प्रयोग आज या कलेतील एक मोठे वळण म्हणून सांगितला जातो आणि त्याची छाप नंतरच्या असंख्य पथकांवर दिसते.

यावरून प्रेक्षकांना कळत नाही आणि कलावंत नेहमी काळाच्या पुढे असतात, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो उतावीळपणा होईल. प्रेक्षकांच्या तक्रारी वेगवेगळ्या तपासल्या पाहिजेत. त्यांतील एक वाद्यांची आहे. जुन्या पथकांचे बिगूल 'जी' या एकाच स्वरावर बांधलेले असत. त्यांना दुसरी कळ १९७७ मध्ये आणि तिसरी १९९० मध्ये मिळाली, आणि २००० पासून कोणत्याही स्वराची पितळी वाद्ये चालू लागली. जुन्या बिगुलाचा आवाज थोडा खरखरीत, पण छातीत घुसणारा. तो गेला याचे दुःख वृद्धांना आजही आहे. पण हे दुःख आठवणींचे आहे. नवी वाद्ये अधिक सुरेल आहेत, हे नाकारणे कठीण.

ध्वनिवर्धकांविषयीच्या तक्रारीत मात्र अधिक तथ्य आहे. २००४ मध्ये मैदानाच्या पुढल्या कडेला ठेवलेल्या तालवाद्यांना ध्वनिक्षेपक लावण्याची मुभा मिळाली आणि २००९ मध्ये विद्युत्-वाद्येही आली. जलतरंगासारखी नाजूक कामगिरी करणारी मारिम्बा, व्हायब्राफोन ही वाद्ये आता शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येतात, हा लाभच होय. परंतु त्याबरोबर सिंथेसायझरचा खर्जातील घरघराटही आला. साठ-सत्तर कर्णे एकदम प्रेक्षकांकडे वळतात तेव्हा उठणारा नाद हाच या कलेचा प्राण. तो माणसांच्या फुप्फुसांतून निघालेला असतो आणि वाजविणाऱ्यांच्या थकव्यासकट ऐकू येतो. त्याखाली यंत्राचा खर्ज पसरला म्हणजे ऐकणाऱ्याला हा जोर पोराचा की बटणाचा, हे कळेनासे होते. उन्हाळाभर घाम गाळणाऱ्या मुलांवरच यात अन्याय होतो, आणि त्यांच्या वतीने प्रेक्षक चिडत असेल तर त्याला जुनाट म्हणून चालणार नाही.

निवेदनाचीही तीच गत. 'कॅडेट्स' पथकाने २००६ व २००७ च्या प्रयोगांत वादनाच्या जोडीला बोललेले शब्द भरपूर वापरले. सूर जे सांगत होते तेच शब्दांनी पुन्हा सांगितले जाऊ लागले, आणि प्रेक्षकांतून मोठी ओरड झाली. चित्राखाली 'हा घोडा आहे' असे लिहावे, त्यातलाच हा प्रकार.

नवीन गोष्ट प्रेक्षकाला मुळातच नको असते, असे म्हणावे तर त्याविरुद्धही पुरावा आहे. २००८ मध्ये 'फँटम रेजिमेंट'ने स्पार्टाकस या रोमन गुलामाच्या बंडाची कथा मैदानावर मांडली. तीत अभिनय होता, आरोळ्या होत्या. प्रेक्षक तिच्यात इतके गुंतले की 'मी स्पार्टाकस' ही पथकाची आरोळी प्रेक्षागारातूनही उठू लागली. अंतिम फेरीत 'ब्लू डेव्हिल्स'ला केवळ ०.०२५ गुणांनी हरवून त्या पथकाने अजिंक्यपद मिळविले. टाळ्या आणि गुण त्या रात्री एकाच पदरात पडले. २०१४ मध्ये 'ब्लूकोट्स' पथकाने 'टिल्ट' हा प्रयोग केला. त्यात विद्युत्-वाद्यांच्या साहाय्याने सबंध पथकाचा स्वर घसरत जातो. आपल्याकडील मिंडेची आठवण व्हावी असा तो परिणाम. ज्यांनी यंत्रांना नाके मुरडली होती तेही उभे राहून टाळ्या वाजवू लागले. त्या वर्षी पहिले आले ते 'ब्लू डेव्हिल्स', ९९.६५ गुण मिळवून, आणि तोवर इतके गुण कोणालाही पडले नव्हते. तथापि त्या उन्हाळ्याविषयी बोलताना बरेच रसिक आधी दुसऱ्या आलेल्या 'ब्लूकोट्स'चे नाव घेतात. पुढे २०१६ मध्ये याच पथकाने लष्करी टोप आणि गणवेष टाकून, घसरगुंड्या व उतरणी मैदानात आणून आपले पहिले अजिंक्यपद जिंकले. तुऱ्याच्या टोपीवाचून पथक कसले, असे म्हणणारे तेव्हाही होतेच; पण प्रेक्षागारातील गजराने त्यांचा आवाज बुडविला.

तेव्हा नवे-जुने हा मुद्दा खरा नव्हेच. मुद्दा ऐकण्याच्या रीतीचा आहे. शंभर गुणांपैकी चाळीस 'समग्र परिणामा'ला असतात, म्हणजे प्रयोगाचा पाहणाऱ्याच्या मनावर होणाऱ्या परिणामाला. पण तो परिणाम मोजतो परीक्षक, आणि परीक्षकमंडळी एकाच मोसमात तेच प्रयोग पुन्हा पुन्हा पाहतात. चौथ्यांदा पाहणाऱ्याला बारकावे हवे असतात, घडीत घडी हवी असते; सोपी चाल त्याला लवकर शिळी वाटते. तिकीट काढून वर्षातून एकदा आलेल्या कुटुंबाला तोच प्रयोग पहिल्यांदा आणि बहुधा शेवटचाच भेटतो. पथकाचे रचनाकार गुणपत्रक पुढे ठेवून काम करतात, तेव्हा नकळत ते चौथ्यांदा पाहणाऱ्यासाठी लिहू लागतात. सुरावटीचे तुकडे होतात, एक धून रंगते न रंगते तोच दुसरी सुरू होते, आणि टाळी कोठे वाजवावी हे समजेपर्यंत ती जागा निघून जाते. आमच्या संगीत नाटकांच्या काळी नेमके उलट होते. प्रेक्षकांच्या 'वन्स मोअर'पुढे कथानक तिष्ठत उभे राही आणि जाणकार टीकाकार कपाळाला हात लावीत. दोन्ही टोकांना कला थोडी गुदमरतेच. तरी शिकणाऱ्या मुलांच्या दृष्टीने पाहिले तर प्रेक्षकाची उत्स्फूर्त दाद हीच त्यांच्या हाती तत्क्षणी पडणारी एकमेव मिळकत आहे. रचना करणारे तज्ज्ञ पुढल्या वर्षीही असतात. बाविशीतला वादक नसतो. या कारणासाठी मुलांवर हुर्यो उडविणे वाईट, आणि मुलांना टाळ्यांपासून दूर नेणारी रचना करणेही तितकेच वाईट.

प्रेक्षकांनी आपल्यापुरती एक वाट काढली आहे. स्पर्धेच्या दिवशी कित्येक रसिक प्रयोगाच्या दोन-तीन तास आधी येतात आणि क्रीडागाराबाहेर मोटारी उभ्या करण्याच्या जागेत फिरतात. तेथे पथके सराव करीत असतात. देखावे नाहीत, ध्वनिवर्धक नाहीत, पोशाखही निम्मेच चढविलेले. ढोलवादकांभोवती चार हातांवर गर्दीचे कडे होते आणि पोरेटोरे काठ्यांची हालचाल टिपून घेत असतात. थोड्या अंतरावर पितळी वाद्यांचे वादक अर्धवर्तुळात उभे राहून पथकाचे परंपरागत गीत वाजवितात. 'फँटम रेजिमेंट'चे गीत वाग्नरच्या 'लोहेनग्रिन' संगीतिकेतील मिरवणुकीचे आहे, तर 'मॅडिसन स्काउट्स'चे 'यू विल नेव्हर वॉक अलोन'. त्या वादनाला कोणी गुण देत नाही. ऐकणाऱ्यांत मागल्या पिढीचे वादक असतात. त्यांतले काही डोळे पुसतात, आणि मग आत जाऊन नव्या प्रयोगावर पुन्हा वाद घालावयास बसतात.