ढाल कोणाच्या मापाची? शल्यचिकित्सक स्त्रिया आणि कर्करोगाचा धोका

आजचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसाचं ऑपरेशन थिएटरमध्ये काय काम? शल्यक्रियेतलं आम्हाला काही कळत नाही, हे खरंच. पण ‘अमुक हे तमुकचं कारण आहे’ असं आपण केव्हा म्हणू शकतो, हा प्रश्न मात्र आमच्या घरचा आहे. आणि आजच्या विषयाची सगळी गाठ तिथेच बसलेली आहे.

आधी वस्तुस्थिती बघू. २०१० साली अमेरिकेत डॉ. लॉरेटा चाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑर्थोपेडिक सर्जन असलेल्या स्त्रियांचं एक सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. सर्वसाधारण अमेरिकन स्त्रियांशी वयाचा हिशेब धरून तुलना केली, तेव्हा या सर्जन स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण जवळजवळ तिप्पट निघालं. ‘तिप्पट’ हा शब्द ऐकला की माणसं दोन घाईची उत्तरं देतात. एक म्हणतो, ‘बघा, एक्स-रेनं घात केला.’ दुसरा म्हणतो, ‘छे, आकड्यांचा खेळ आहे.’ आपण दोघांनाही जरा थांबायला सांगू.

पहिल्याचं म्हणणं कशावर उभं आहे? मांडीचं हाड मोडलं, आत सळई बसवायची आहे. ती नीट बसली की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून टेबलापाशी सी-आर्म नावाचं यंत्र असतं. ते एक्स-रे सोडतं आणि पडद्यावर हाड दिसतं. आता सर्जनच्या अंगावर येतात ते मुख्यतः थेट झोतातले किरण नव्हेत, तर रुग्णाच्या शरीरावर आदळून इकडेतिकडे विखुरलेले किरण. त्यांच्यापासून बचाव म्हणून शिशाचा एप्रन घालतात. पण हा एप्रन बिनबाह्यांचा असतो. हात मोकळे हवेत ना! मग काखेपाशी मोठी फट राहते. एप्रन ढगळ असला, किंवा काम करताना हात वर गेला, की ती आणखी उघडी पडते. आणि त्या फटीतून नेमका कोणता भाग उघडा राहतो? स्तनाचा वरचा, बाहेरच्या बाजूचा भाग. ग्रंथींची पेशीजालं तिथे सर्वांत जास्त असतात, आणि स्तनाचे कर्करोगही तिथेच सर्वांत जास्त आढळतात. बाजूने चित्र घेताना विखुरलेले किरण छातीच्या उंचीवर येतात, तेव्हा तर हा भाग अगदी समोर येतो.

एक्स-रेनं स्तनाचा कर्करोग होऊ शकतो, हेही जुनंच ज्ञान आहे. क्षयावर औषधं नव्हती तेव्हा रुग्णाचं फुप्फुस हवा भरून दाबून ठेवत, आणि ते पुन्हा पुन्हा एक्स-रेखाली तपासत. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात असे उपचार घेतलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला, ही गोष्ट इयन मॅकेन्झी यांनी १९६५ साली मांडली. हिरोशिमा आणि नागासाकीतून वाचलेल्या स्त्रियांच्या अभ्यासानंही तेच सांगितलं. पण लक्षात घ्या, त्या स्त्रियांना मिळालेली मात्रा आजच्या सर्जनच्या मात्रेपेक्षा फार मोठी होती. म्हणजे ‘होऊ शकतो’ इथपर्यंत आपण पोचलो. ‘इथे त्यामुळेच झाला’ हे अजून सिद्ध झालेलं नाही.

आता दुसऱ्याची बाजू. सर्वेक्षण डाकेनं पाठवलेलं आहे. ज्यांना आजार झाला त्या उत्तर द्यायला अधिक उत्सुक असणार. उलट, ज्या आजारानं गेल्या त्या उत्तर देऊच शकत नाहीत. सर्जन स्त्रिया वेळेवर तपासण्या करून घेतात, त्यामुळे एरवी उशिरा सापडला असता तो कर्करोग त्यांच्यात लवकर सापडतो. रुग्णांची एकूण संख्याही लहान. आणि सगळ्यांत मोठा आक्षेप मूल होण्याच्या वयाचा.

हा आक्षेप तीनशे वर्षं जुना आहे, बरं का. व्यवसायजन्य रोगांचा पहिला मोठा अभ्यासक इटलीचा बर्नार्दिनो रामाझिनी. रुग्णाला ‘तुझा धंदा काय?’ हे विचारलंच पाहिजे, असं तो वैद्यांना बजावत असे. मठांमधल्या जोगिणींना स्तनाचा कर्करोग जास्त होतो, ही नोंद त्यानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला केली. पुढे १९२६ साली इंग्लंडमध्ये डॉ. जॅनेट लेन-क्लेपन या बाईंनी ५०० रुग्ण स्त्रिया आणि ५०० इतर स्त्रिया यांची पद्धतशीर तुलना केली. मूल नसणं, लग्न उशिरा होणं, यांचा या रोगाशी संबंध त्यातून दिसला. आता सर्जन होणारी मुलगी बघा. पदवी, पदव्युत्तर शिक्षण, मग विशेष प्रशिक्षण, यात तिशी उलटते. पहिलं मूल उशिरा होतं किंवा होतच नाही. मग वाढलेल्या प्रमाणातला काही वाटा एक्स-रेचा नसून याचा असू शकतो.

इथे बरेच लोक सुटकेचा नि:श्वास टाकतात. म्हणतात, ‘म्हणजे कारण धंद्याचं नाही, खासगी आयुष्याचं आहे.’ आम्हाला मात्र हा तर्क पटत नाही. जोगिणीनं व्रत घेतलेलं असतं. सर्जन मुलीनं तसलं काही व्रत घेतलेलं नसतं. तिचं मातृत्व पुढे ढकलतं ते प्रशिक्षणाचं वेळापत्रक. ते वेळापत्रक आखलं गेलं तेव्हा घरी मूल सांभाळायला बायको आहे, असा पुरुष डोळ्यांसमोर होता. मग हा धोका खासगी कसा? रात्रपाळीचंही तसंच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं एक्स-रेला माणसात कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे, आणि रात्रपाळीला ‘बहुधा’ घडवणाऱ्या गटात. थिएटरमध्ये या गोष्टी एकमेकींत विणलेल्या असतात. धागे सुटे करता येत नाहीत, म्हणून वस्त्रच नाही असं म्हणता येत नाही.

मग पुरेसा पुरावा मिळेपर्यंत हात बांधून बसायचं का? संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचं १९६५ सालचं व्याख्यान या बाबतीत प्रसिद्ध आहे, आणि ते दिलं गेलं होतं व्यवसायजन्य आरोग्याच्याच व्यासपीठावर. त्यांचा मुद्दा साधारण असा, की किती पुरावा पुरे हे पुढे काय करायचं आहे त्यावर ठरतं. लोकांचं जगणं बदलायला लावणार असाल तर भक्कम पुरावा आणा. गरोदर बाईला सकाळच्या मळमळीवर दिलं जाणारं औषध थांबवायला थोडा पुरावाही चालेल. आपण हे मोजमाप इथे लावू. एप्रनला छोट्या बाह्या किंवा काखेचं झाकण लावायला किती खर्च येतो? फार नाही. आणि चूक निघाली तर नुकसान काय? थोडं वजन वाढेल, थोडं उकडेल. इतक्या स्वस्त उपायासाठी संपूर्ण सिद्धतेची वाट बघणं याला शास्त्रीय सावधपणा म्हणत नाहीत, चालढकल म्हणतात.

मुळात ही फट राहिलीच कशी? १९७५ साली किरणसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं हिशेबासाठी एक ‘संदर्भ-पुरुष’ ठरवला होता. वय २० ते ३०, वजन ७० किलो, उंची १७० सेंटिमीटर, पाश्चात्त्य गोरा. त्याच आयोगानं २००२ साली स्त्री-पुरुषांची वेगवेगळी मापं दिली. पण खुंटीवरचे एप्रन आयोगाचे अहवाल वाचत नाहीत. मोजणीचंही बघा. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. मोजणीचा बिल्ला मात्र छातीवर, एप्रनच्या आत लावायचा असतो. तो झाकलेल्या भागाची साक्ष देतो. काखेतल्या फटीची साक्ष देत नाही. आणि बिल्ला खणात पडून राहिला तर तो कसलीच साक्ष देत नाही.

एक धोक्याची सूचना. ही चर्चा ऐकून कोणी म्हणेल, ‘मग मुलींनी ऑर्थोपेडिक्स घेऊच नये.’ संरक्षणाच्या नावाखाली दार बंद करणं ही जुनी युक्ती आहे. अमेरिकेत बॅटऱ्या बनवणाऱ्या जॉन्सन कंट्रोल्स कंपनीनं मूल होऊ शकेल अशा स्त्रियांना शिशाच्या कामावर मज्जाव केला होता. १९९१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो बेकायदा ठरवला. काम सुरक्षित करा, बाईला काढू नका, हाच त्यातून घ्यायचा धडा.

तेव्हा समोर ज्या तरुण डॉक्टर मुली बसल्या आहेत त्यांना एवढंच सांगू. स्वतःच्या मापाचा, काख झाकणारा एप्रन मागा. अंतर दुप्पट केलं की किरणांची मात्रा साधारण चौथाईवर येते, म्हणून चित्र घेताना एक पाऊल मागे सरका. बाजूने चित्र घेताना एक्स-रे नळीच्या बाजूला उभ्या राहू नका, पलीकडे जा. बिल्ला रोज लावा आणि त्याचा अहवाल स्वतः वाचा. आणि जे विभागप्रमुख इथे आहेत, त्यांनी उद्या सकाळी थिएटरबाहेरच्या खुंटीवर किती मापांचे एप्रन टांगलेत ते मोजावं. एकच माप असेल, तर पुढच्या खरेदीच्या यादीत काय लिहायचं ते त्यांना आपोआप कळेल.